पायींची वहाण: निवड आणि हिशेब



‘पायींची वहाण पायींच बरी’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. कोणालाही त्याच्या योग्यतेपलीकडे चढवू नये, हा तिचा आशय. परंतु त्या ओघात बिचारी वहाणही कायमची हलकी ठरली. याउलट, आमच्या कासुर्डीच्या फाट्यावरून दर वर्षी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला जी पालखी जाते, तिच्यात तुकोबारायांच्या पादुकाच विराजमान असतात. एकाच समाजाने पादत्राणाला उंबऱ्याबाहेरही ठेवले आणि पालखीतही बसविले! व्यवहाराच्या दृष्टीने पाहता या दोन टोकांच्या मध्ये त्याचे योग्य स्थान आहे. वहाण पूजेची नसेल, पण दुर्लक्षाचीही नाही.

आपण व्यापारी माणसे. सोने घेताना गुंजेचा फरक आपल्या नजरेतून सुटत नाही. कापडाच्या ताग्यात बोटभर कमी भरले तरी आपण हरकत घेतो. मात्र पायात घालायचे बूट आपण ‘आठ नंबर द्या’ एवढे सांगून घेतो. तो आठ नंबर बहुधा पंचवीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या खरेदीत कोणीतरी मोजलेला असतो. दुकानदार म्हणतो, “शेठ, घाला तर खरे, चार दिवसांत सैल पडेल.” शेठजीही ते मान्य करतात. आपल्या गल्ल्यावर जे शब्द आपण कोणाकडून ऐकून घेणार नाही, ते पायाच्या बाबतीत निमूटपणे ऐकतो.

सकाळच्या फिरण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर अनेक वाचकांनी तीनच प्रश्न पुनःपुन्हा विचारले. कोणत्या कंपनीचे बूट घ्यावेत? किती रुपयांपर्यंतचे घ्यावेत? आणि चामड्याविना घेतलेले बूट टिकतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. कारण एकाच कंपनीचा एक बूट एकाला लाभतो आणि दुसऱ्याला चावतो. उरलेल्या दोहोंकडे वळण्यापूर्वी एक क्रम सांगतो. बँकेत कर्जप्रकरण आले की आम्ही आधी कर्जदार पाहत असू, मग कर्जाचे प्रयोजन, मग तारण आणि सर्वांत शेवटी व्याजाचा दर. बुटांचेही तसेच आहे. आधी पाय, मग वाट, मग वस्तू आणि शेवटी किंमत. हा क्रम उलटला की प्रकरण बुडीत जाते.

आधी पाय

मनुष्याच्या एका पायात, घोट्यापासून बोटांपर्यंत, २६ हाडे असतात. ती एकमेकांना स्नायुबंधांनी बांधलेली असून त्यांची कमान पावलागणिक थोडी दबते आणि पुन्हा उचलते. वयोमानानुसार हे बंध सैलावतात आणि पाऊल काहीसे लांब व रुंद होते. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणानंतरही पाऊल वाढलेले आढळते. म्हणून विशीतला नंबर साठीत गृहीत धरणे हे जुन्या बाजारभावाने आजचा माल विकण्यासारखे आहे.

माप घेण्याची रीत साधी आहे. दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. फिरताना जे पायमोजे वापरणार तेच घालून जावे. कोऱ्या कागदावर दोन्ही पाय ठेवून उभे राहावे, बसून नव्हे. कारण अंगाचा भार पडल्यावर पाऊल पसरते. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांचा आकार काढावा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. उभे असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. पुष्कळांचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते, हे येथे विसरू नये. चवडा, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला पावलाचा सर्वांत रुंद भाग, बुटाच्या सर्वांत रुंद भागात बसला पाहिजे. आकार काढलेला कागद बुटाच्या तळाशी लावून पाहिला, तर कितीतरी सुबक बूट आपल्या पावलाहून अरुंद असल्याचे तेथेच दिसून येते.

नंबरांविषयी थोडेसे. आपल्याकडे प्रचलित असलेला नंबर इंग्लंडमधून आला. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. जवाच्या एका दाण्याची लांबी हे त्याचे मूळ सांगतात. गुंज आणि मासा वापरणाऱ्यांना यात नवल वाटू नये. युरोपातील चाळीस-बेचाळीसच्या नंबरांत हा फरक सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाएवढा, म्हणजे साडेसहा मिलिमीटरहून थोडा अधिक असतो. दोन्ही पद्धती लांबी मोजतात, रुंदीबद्दल मात्र गप्प राहतात. आपली अडचण नेमकी तेथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. भारतीयांचे पाऊल युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पावलाहून सामान्यतः अधिक रुंद असते, असे त्यातून दिसले. त्या आधारे ‘भा’ या नावाची स्वदेशी मापनपद्धती सुचविण्यात आली. रुंदी मिळविण्यासाठी आपण एक नंबर मोठा घेतो आणि मग टाच आत घसरू लागते, या नित्याच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. यावर तूर्त उपाय एकच: रुंद साच्याचा बूट आहे का, असे स्पष्ट विचारावे. काही कंपन्या एकाच नंबरात रुंद साचाही ठेवतात.

मग वाट

कासुर्डीत राहणाऱ्याला तीन प्रकारच्या वाटा सहज उपलब्ध आहेत. पुणे-सोलापूर महामार्गाची डांबरी कड, उसाच्या शेतांमधून जाणारी मुरमाची वाट आणि सुट्टीच्या दिवशी यवतजवळचा भुलेश्वरचा डोंगर. पुण्यातल्या आप्तांना हेच तीन प्रकार पदपथ, टेकडी आणि सिंहगड या रूपांत भेटतात. या तिन्हींसाठी एकच बूट चांगला, असे म्हणणे म्हणजे एकाच तराजूवर केशर आणि कांदे तोलणे.

चालताना कोणत्याही क्षणी एक पाय जमिनीवर असतोच. टाच आधी टेकते, भार चवड्यावर सरकतो आणि बोटे मागे ढकलतात. म्हणून चालण्याचा बूट चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे. दुकानात त्याचे टोक आणि टाच धरून दाबून पाहावे. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक. मधोमध, कमानीखाली मोडला तर परत द्यावा. पिळण्याचा कपडा धरावा तसा तो दोन्ही हातांनी पिळून पाहावा. त्याने थोडा विरोध केला पाहिजे. टाचेमागची पाळ अंगठ्याने दाबल्यावर चटकन चेपली जाऊ नये. या तीन परीक्षांना मिनिटभर लागते, आणि त्यांत जाहिरातीचा एकही शब्द उपयोगी पडत नाही.

धावण्याचे गणित निराळे. हळूहळू धावतानाही प्रत्येक पावलात असा एक क्षण येतो की दोन्ही पाय हवेत असतात, आणि मग सारा भार एका पायावर उतरतो. चालताना पायावर येणारा भार शरीराच्या वजनाहून थोडासाच अधिक असतो. धावताना तो दुप्पट-तिप्पट होतो. हा आघात झेलण्यासाठी धावण्याच्या बुटात तळ आणि पाऊल यांच्यामध्ये जाड फेसाळ थर असतो. हा फोम दिसायला शाबूत असला तरी आतून दबून निकामी होतो. साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर हे त्याचे आयुष्य मानतात. बुटाला बाहेरून काही झालेले दिसत नाही, पण गुडघा आणि पोटरी दुखू लागते, तेव्हा आधी बुटांचे वय मोजावे. मात्र फार मऊ म्हणजे फार चांगले, असाही समज नसावा. ज्येष्ठांना अतिमऊ, उंच तळाच्या बुटात तोल सांभाळणे जड जाते. साठीनंतर मध्यम जाडीचा, रुंद बैठकीचा तळ बरा.

आपल्या भगिनींसाठी एक स्वतंत्र सूचना. पुष्कळ घरांतील स्त्रिया साडीवर बूट शोभत नाहीत म्हणून सपातेवरच रोज तीन-चार किलोमीटर चालतात. मागे पट्टा नसलेली सपाता पायात टिकवून धरण्यासाठी प्रत्येक पावलाला बोटे आवळावी लागतात. हजारो पावलांनंतर त्याचा शीण तळव्याला आणि टाचेला जाणवतो. सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, अशी तक्रार असेल तर सपाता हे एक कारण असू शकते. बूट नको असतील तर निदान टाचेमागे पट्टा असलेली, जाड तळाची सँडल वापरावी. शोभेचा प्रश्न पहिल्या आठवड्यापुरताच असतो.

उन्हाळ्यातील डोंगराची वाट सर्वांत कठीण. एप्रिल-मे महिन्यांत गवत वाळून निसरडे होते, कोरडा मुरूम पायाखालून सरकतो, आणि पडणे बहुधा चढताना नव्हे तर उतरताना होते. अशा वाटेला तळाशी खोल खाचा असलेला, रबराचा, पकड घेणारा बूट हवा. उतारावर पाऊल पुढे सरकते. बूट अपुरा असेल तर बोटे पुढच्या भागावर आदळतात आणि नखे काळी पडतात. म्हणून दुकानात उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर चालून पाहावे. घोट्यापर्यंतचे उंच, जड बूट पाठीवर ओझे असणाऱ्यांसाठी. एका दिवसाच्या फेरीला आपल्या उन्हाळ्यात हलका, जाळीदार कापडाचा, बुटका बूट अधिक सुखाचा. हवेचे तापमान चाळीस अंशांच्या घरात असताना डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून पातळ तळाचे कापडी बूट त्या वेळी निरुपयोगी ठरतात.

पायमोज्यांकडेही लक्ष असावे. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात. ओली कातडी घासली जाते आणि फोड येतात. घाम बाहेर टाकणाऱ्या मिश्र धाग्याचे, बोटांपाशी जाड शिवण नसलेले मोजे घ्यावेत आणि लांबच्या फेरीत एक कोरडी जोडी जवळ ठेवावी. नवे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये. आधी घरात, मग गावात, असे आठ-दहा दिवस ते वापरावेत.

वस्तू कशाची?

चामड्याचा प्रश्न आपल्या घरांत केवळ आवडीनिवडीचा नाही. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचाराचे काम सुरू केले, हे या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु पादत्राणातील हिंसेचा विचार त्यांनीही केला होता. नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या जनावरांचेच कातडे वापरावे, असा त्यांचा आग्रह होता आणि वर्ध्याजवळ नालवाडीला त्या धर्तीवर चर्मालयही चालविले गेले. आपल्यापैकी अनेकांना तेवढ्यानेही समाधान होत नाही. त्यांना चामडे मुळीच नको असते. एके काळी अशांसाठी कॅनव्हास किंवा रबरी सपाता एवढेच पर्याय होते. आज परिस्थिती पालटली आहे. चालण्या-धावण्याचे बहुतेक बूट विणलेले कृत्रिम कापड, फोम आणि रबर यांचे असतात. चालण्याच्या कामी ते चामड्याहून हलके आणि हवेशीर असतात. तेव्हा ‘चामड्याविना टिकतात का’ या प्रश्नाला उत्तर असे, की चालण्यासाठी तेच अधिक योग्य आहेत.

तथापि डोळे झाकून घेऊ नये. टोकाशी, टाचेपाशी वा कंपनीच्या चिन्हाच्या पट्टीत कधी कधी मखमलीसारखे दिसणारे मऊ चामडे लावलेले असते. डोंगराच्या बुटांत तर ते सर्रास आढळते. ओळखण्याचा मार्ग असा: पुष्कळ बुटांच्या जिभेवर, आतल्या बाजूस किंवा खोक्यावर छोटी चित्रे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे चित्र म्हणजे चामडे. त्याच चित्राच्या मध्ये चौकट असेल तर लेप दिलेले चामडे. जाळीचे चित्र म्हणजे कापड. आणि नुसती चौकट, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची, असेल तर इतर कृत्रिम वस्तू. वरचा भाग, आतले अस्तर आणि तळ या तिन्हींसाठी ही चित्रे स्वतंत्र असतात, तिन्ही पाहावीत. मात्र ही चित्रे त्या त्या भागातील मुख्य वस्तूच सांगतात. लहान पट्ट्या आणि डिंक यांबद्दल मनात शंका असेल, तर कंपनीकडे लेखी विचारणा करावी. व्यापाऱ्याला लेखी उत्तराचे मोल वेगळे सांगायला नको.

जेथे वहाण काढावीच लागते

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि पादत्राणे खालीच ठेवावी लागतात. पालिताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. सम्मेद शिखरजीची वंदना चढ, टोंकांची फेरी आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची होते. यांतील बहुतेक यात्रेकरू अनवाणी जातात, आणि त्यामागील भावना आपण सारे जाणतो. परंतु वर्षभर गादीवर बसणाऱ्या माणसाने एका पहाटे उठून अनवाणी हजारो पायऱ्या चढणे, हे श्रद्धेचे काम असले तरी पायाची तयारीही मागते. महिनाभर आधीपासून रोज चालण्याचा आणि जिना चढण्याचा सराव करावा. तळव्यांना सवय व्हावी म्हणून घराच्या अंगणात थोडा वेळ अनवाणी फिरावे. चढाई पहाटे सुरू करून ऊन तापण्यापूर्वी उतरावे. जेथे चालते तेथे कापडी मोजे घालावेत.

साधु-साध्वींच्या विहारात सोबत चालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात चालताना अंगावर प्रकाश परावर्तित करणारा पट्टा असावा, आणि सेवेसाठी चालणाऱ्याचे पाय शाबूत असावेत. अन्यथा दुसऱ्या दिवशी सेवा कोणी कोणाची करायची, असा प्रश्न पडतो. ईर्या समितीत पुढची चार हात जमीन पाहून चालण्याचा जो नियम आहे, तो जीवरक्षणासाठी आहे. त्याच नियमाने खड्डा, खिळा आणि काच यांपासून आपलेही रक्षण होते.

मधुमेह असणाऱ्यांनी हे अवश्य वाचावे

दुकानदारी करणाऱ्या आपल्या घरांत मधुमेह किती शिरला आहे, हे कोणालाही सांगावे लागत नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना हळूहळू कमी होते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. अशा माणसाला बूट चावतो, पण चावल्याचे कळत नाही. फोड येतो, फुटतो, जखम होते, चिघळते. आणि मोजा रक्ताने ओला झालेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. बोट किंवा पाऊल कापावे लागण्याच्या अनेक कहाण्यांचा आरंभ अशा एका साध्या घासण्यातून झालेला असतो. म्हणून निरोगी माणसाला ‘दुखत नाही ना?’ ही कसोटी पुरते. मधुमेह्याला ती पुरत नाही. त्याने हाताने, डोळ्यांनी आणि मापाने परीक्षा करावी.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्यावी. नायलॉनच्या एका बारीक तारेने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श करून संवेदना पाहतात. ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळ्याचे टोक किंवा दुमडलेले अस्तर नाही ना, ते पाहावे. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घालून लगेच पाय तपासावे. रात्री झोपताना तळवे आरशात पाहावेत, किंवा घरातील मुला-नातवंडांना पाहायला सांगावे. भोवरी किंवा कुरूप घरी पात्याने कापू नये. तापलेल्या फरशीवर किंवा पायऱ्यांवर अनवाणी जाऊ नये. भाजल्याचेही अशा पायाला समजत नाही. दर्शनाला सकाळी लवकर जावे, आणि अनवाणी यात्रेचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. देव भावाचा भुकेला आहे, हे आपण इतरांना सांगतोच, स्वतःलाही सांगावे.

शेवटी किंमत

आता व्याजदराकडे येऊ. समजा, एक जोडी हजार रुपयांची असून २०० किलोमीटरमध्ये बसते, आणि दुसरी तीन हजारांची असून ७०० किलोमीटर चालते. पहिलीचा खर्च किलोमीटरला पाच रुपये, दुसरीचा सव्वाचार रुपयांच्या आसपास. स्वस्त कोणती, हे वाचकांना सांगणे धाडसाचे ठरेल. पण उलट बाजूही पाहावी: पाच-सहा हजारांच्या पुढे जी किंमत वाढते, ती बहुधा स्पर्धेत धावणाऱ्यांच्या सोयींसाठी आणि नावासाठी असते. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याला तिची गरज नाही.

कराचा एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्यावरील जोडीवर १८ टक्के आहे. म्हणजे करापूर्वी २५०० रुपयांची जोडी २६२५ रुपयांना पडेल, तर २६०० रुपयांची ३०६८ रुपयांना. मूळ किमतीत शंभराचा फरक, पण खिशातून जाणारे जास्तीचे ४४३ रुपये! या सीमारेषेच्या आसपास खरेदी करताना बिल नीट पाहावे.

आणि एक शेवटची नोंद. रोज चालणाऱ्याने दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो. त्याहून अधिक जोड्या कपाटात भरणे हा परिग्रहच. शिवाय फोमचे बूट न वापरताही कालांतराने कडक होतात आणि त्यांचे तळ निखळतात.

तेव्हा या रविवारी एवढेच करावे: घरातील प्रत्येकाचे पाऊल, आजोबांपासून नातवापर्यंत, कागदावर उतरवून घ्यावे, त्यावर तारीख लिहावी आणि कपाटातील जोड्या त्या कागदाशी ताडून पाहाव्यात. हा ताळेबंद जुळला नाही, तर दुरुस्ती पायात करता येत नाही. ती वहाणेतच करावी लागते.